पक्षाघातानंतरची खूणगाठ : मोबाईलचा रिमाइंडर कसा लावायचा आणि का काढायचा नाही



गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळची ओपीडी चालू होती. समोर ६७ वर्षांचे एक गृहस्थ बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी. पाच महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. मी बीपी मोजायला दंडाला पट्टा बांधत होतो, तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाईल वाजायला लागला. त्यांनी शांतपणे फोन काढला, अंगठा फिरवून आवाज बंद केला आणि फोन परत खिशात ठेवला.

"कसला अलार्म होता?" मी सहज विचारलं.

"काही नाही हो डॉक्टर. रोज वाजतो."

बीपी निघालं १७४/१०२. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, तरी फारसा फरक नाही. तो अलार्म बीपीच्या गोळीचा होता आणि तो लावायला मीच सांगितलं होतं.

आजचा लेख त्या "रोज वाजतो" बद्दल आहे. पक्षाघातानंतर विसरभोळेपणा आला की आम्ही डॉक्टर आणि तुम्ही नातेवाईक एकच उपाय चटकन सुचवतो, "मोबाईलवर रिमाइंडर लावा." उपाय चांगलाच आहे. पण तो कसा लावायचा आणि किती दिवस ठेवायचा, हे मलाही त्या दिवसापर्यंत नीट कळलेलं नव्हतं. (पेशंटच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दोन प्रकारची आठवण

हे गृहस्थ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर माईकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा केल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहिल्या. आजही ओळखीचे लोक त्यांना 'कंट्रोलर साहेब' म्हणतात, मीही म्हणतो. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला बसला होता, त्यामुळे डावा हात आणि पाय दुबळा झाला. वेळेत उपचार मिळाले, फिजिओथेरपी झाली आणि तीन महिन्यांत ते काठीशिवाय चालू लागले. बोलणं पहिल्यापासून स्वच्छ होतं. घरच्यांना वाटलं, सुटलो.

मग छोट्या छोट्या गोष्टी सुरू झाल्या. दुधावर लक्ष ठेवा म्हटलं की दूध उतू जायचं. फिजिओथेरपीच्या दिवशी ते भाजी आणायला निघून जायचे. सकाळच्या गोळ्या घेतल्या का विचारलं तर "घेतल्या असतील" असं उत्तर यायचं. मुलगा मला म्हणाला, "डॉक्टर, बाबा मुद्दाम करतात का? कल्याणहून माळशेजमार्गे नगरला जाणाऱ्या गाडीचे थांबे विचारा. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, ओतूर, आळेफाटा, सगळे धडाधड सांगतात. आणि दोन तासांपूर्वी गोळी घेतली का ते आठवत नाही?"

असा संशय अनेक घरांत येतो, म्हणून आधी तो दूर करतो. मुद्दाम कोणी करत नाही. आठवण ही एकच वस्तू नसते. समजायला सोपं जावं म्हणून आपण तिचे दोन भाग करू, मागची आठवण आणि पुढची आठवण. वर्षानुवर्षं घोटलेले थांबे, लग्नाची तारीख, शाळेतले मास्तर ही मागची आठवण. ती मेंदूत पक्की मुरलेली असते. "आठ वाजता गोळी घ्यायची आहे" ही पुढची आठवण, म्हणजे करायच्या कामाची आठवण. तिला बरीच जास्त यंत्रणा लागते. काम मनात धरून ठेवायचं, दुसऱ्या गोष्टी चालू असताना योग्य क्षणी ते वर आणायचं, हातातलं सोडून ते करायचं आणि केलं हेही ध्यानात ठेवायचं.

या कामात मेंदूचा पुढचा भाग, आतला थॅलॅमस, हिप्पोकॅम्पस आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा एकत्र लागतात. पक्षाघातात यातल्या कुठल्याही ठिकाणचा रक्तपुरवठा तुटला तर साखळी अडते. हातापायाची ताकद परत आली तरी ही साखळी दुबळी राहू शकते. हात वाकडा असेल तर चारचौघांना दिसतो, हे कोणाला दिसत नाही. म्हणूनच माणूस 'बेफिकीर' ठरतो आणि घरात भांडणं होतात.

माझी चूक

कंट्रोलर साहेबांची तक्रार ऐकल्यावर मी काय केलं होतं? प्रिस्क्रिप्शनच्या खाली एक ओळ लिहिली, "मोबाईलवर अलार्म लावणे." एवढंच. पुढचा पेशंट आत आला.

मुलाने प्रेमाने सात अलार्म लावून दिले. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, दोन वेळचा व्यायाम, फिरणं, पाणी पिणं आणि बीपी मोजणं. सगळ्यांचा आवाज एकच. कशालाही नाव दिलेलं नाही. पाण्याचा अलार्म बंद करता करता अंगठ्याला सवय लागली आणि गोळीचा अलार्मही त्याच सवयीने बंद व्हायला लागला.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वहिनींनी मन मोकळं केलं. एके दिवशी सकाळी साहेबांनी अलार्म वाजल्यावर गोळ्या घेतल्या, तासाभराने टेबलावर पाकीट दिसलं म्हणून पुन्हा घेतल्या आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन बसले. त्या दिवसापासून वहिनी दिवसभर त्यांच्या मागे असतात. "घेतली का, घेतली का, माझंच तोंड वाजत असतं डॉक्टर. ते म्हणतात, तू बायको आहेस का इन्स्पेक्टर? मी बहिणीकडे गेले नाही की देवळात गेले नाही." साहेब खाली मान घालून बसले होते. म्हणाले, "मी सगळ्या स्टँडला वेळ सांगायचो. आता मला वेळ सांगायला माणूस ठेवावा लागतो."

साहेबांच्या हृदयाची लय अनियमित आहे. तशा हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाते. त्यांचा पहिला झटका त्यामुळेच आला होता. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. या गोळीचा परिणाम एखाद्या दिवसात ओसरतो, म्हणून ती चुकली तर पुन्हा गुठळीची भीती. दोनदा घेतली तर रक्तस्रावाची भीती. त्यात बीपी १७४. म्हणजे प्रश्न केवळ विसराळूपणाचा नव्हता, दुसऱ्या झटक्याचा होता.

खूणगाठीचं दुखणं

माझी आई बाजारात जाताना पदराला गाठ मारायची. काहीतरी आणायचं आहे, त्याची ती खूण. 'खूणगाठ बांधणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे उगीच आलेला नाही. पण कधी कधी आई घरी येऊन पदराकडे बघत म्हणायची, "गाठ तर मारली होती, पण कशाची ग बाई?"

मोबाईलचा नुसता अलार्म म्हणजे अशी गाठ. काहीतरी करायचं आहे एवढंच तो सांगतो. काय करायचं, ते सांगत नाही. केलं का, ते विचारत नाही. पुढच्या आठवणीच्या साखळीत चार कड्या आहेत असं धरा. वेळ कळणं, काम कळणं, ते लगेच करणं आणि केल्याची नोंद राहणं. नुसता अलार्म यातली फक्त पहिली कडी जोडतो. उरलेल्या तीन आपल्याला जोडून द्याव्या लागतात.

हे मी माझ्या भाषेत समजावत होतो, तेव्हा कंट्रोलर साहेबांनी मान वर केली. म्हणाले, "म्हणजे नुसती अनाउन्समेंट. अनाउन्समेंट केली म्हणून गाडी सुटत नाही डॉक्टर. गाडी फलाटावरून हलली, मी वहीत वेळ लिहिली, मग ती सुटली."

मला जे दहा वाक्यांत सांगता येत नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांच्या घरची पुढची सगळी व्यवस्था आम्ही या वाक्यावर बसवली.

रिमाइंडर लावताना एवढं करा

१. कमी लावा. सातातले पाच अलार्म आम्ही काढून टाकले. उरले दोन, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. ज्या गोष्टी चुकल्या तर जीवाला धोका आहे, त्यांनाच अलार्म. पाणी पिणं वाईट नाही, पण त्याचा अलार्म गोळीच्या अलार्मची किंमत घालवतो. फिरणं आणि व्यायाम चहाला, नाश्त्याला, म्हणजे रोजच्या ठरलेल्या सवयीला जोडा.

२. नोटिफिकेशन नको, अलार्म हवा. नोटिफिकेशन एकदा टिंग करून गप्प बसतं. अलार्म बंद करेपर्यंत वाजतो. फोनमधल्या घड्याळात अलार्म लावून 'रोज' हा पर्याय निवडा. आवाज मोठा ठेवा. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर असताना अलार्म वाजतो का, ते एकदा तपासून घ्या. साधा बटणांचा फोन असेल तरी चालेल. त्यातही अलार्म असतो.

३. नाव द्या. अलार्मला लेबल देण्याची सोय असते. तिथे मराठीत, करायची कृती लिहा. "औषध" नको. "संध्याकाळचा कप्पा उघडून गोळ्या घ्या" असं लिहा. पक्षाघातामुळे वाचायला अडचण होत असेल तर घरच्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करून अलार्मला लावता येतो, बऱ्याच फोनमध्ये ही सोय आहे. साहेबांच्या फोनमध्ये नातीचा आवाज आहे.

४. वेळ पेशंटची पाहून ठरवा. आधी संध्याकाळचा अलार्म सातला होता. त्या वेळी साहेब खाली कट्ट्यावर असत आणि गोळ्या वर घरात. अलार्म वाजणार, ते बंद करणार, "वर गेल्यावर घेतो" म्हणणार आणि जिना चढेपर्यंत विसरणार. अलार्म आणि कृती यांच्यात दोन मिनिटांचं अंतर पडलं तरी दुबळ्या साखळीतून काम निसटतं. म्हणून ते हमखास घरात असतात ती वेळ धरली. दोन गोळ्यांत बारा तासांचं अंतर हवं होतं, म्हणून सकाळचीही वेळ बदलली. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

५. फोन, गोळ्या आणि पाणी एकाच जागी. त्या दोन वेळांना फोन गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवायचा, पाण्याचा तांब्याही तिथेच. अलार्म बंद करायला हात जाईल तिथेच गोळी सापडली पाहिजे. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यानंतर काही पेशंटना डाव्या बाजूच्या वस्तूंची जाणीवच कमी होते. त्यांच्यासाठी हे सगळं उजव्या हाताला मांडा.

६. सात दिवसांची डबी आणा. सकाळ-संध्याकाळचे वेगळे कप्पे असलेली डबी मेडिकलच्या दुकानात मिळते. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, भरलेला म्हणजे राहिली. पाकिटातून गोळी काढली की हा पुरावा राहत नाही आणि दोनदा घेण्याची चूक होते. डबी आठवड्यातून एकदा घरच्या माणसाने भरावी. काही गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या असतात, ते आधी विचारून घ्या.

७. आधी गोळी, मग अलार्म बंद, मग बरोबरची खूण. हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. आवाज चालू असतानाच कप्पा उघडायचा. गोळी तोंडात गेली की अलार्म बंद करायचा आणि शेजारच्या वहीत वेळ लिहायची. साहेबांना हे शिकवावंच लागलं नाही. त्यांनी स्वतःच वहीला रकाने आखले, 'नियोजित वेळ' आणि 'प्रत्यक्ष वेळ'.

८. सराव करा. नवीन गोष्ट शिकणं हेही आठवणीचंच काम आहे. एकदा दाखवून "समजलं ना?" विचारू नका. पहिले आठ-दहा दिवस अलार्म वाजल्यावर शेजारी उभं राहून पूर्ण क्रम करवून घ्या. चुकू देऊन मग सुधारण्यापेक्षा चूक होण्याआधीच सांगितलेलं बरं, कारण दुबळ्या आठवणीत चूकसुद्धा पक्की बसते.

तपासणीच्या तारखा आणि रक्ताच्या चाचण्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. एक आठवण आदल्या दिवशी आणि एक निघायच्या तासभर आधी येईल अशी ठेवा.

आणखी एक सांगतो. गोळी राहून गेली असं लक्षात आलं तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. राहिलेल्या गोळीचं काय करायचं, याचा नियम प्रत्येक औषधाचा वेगळा असतो. तो डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि डबीच्या झाकणावर चिकटवा. इन्सुलिन घेतलं की नाही याची खात्री नसेल तर अंदाजाने पुन्हा टोचू नका. साखर तपासा आणि फोन करा.

"आता बरं वाटतंय, अलार्म काढू का?"

दिवाळीपर्यंत कंट्रोलर साहेबांचं बीपी १३०च्या आसपास आलं. वहीतले रकाने भरलेले. वहिनी चार दिवस बहिणीकडे राहून आल्या. जानेवारीत साहेबांनी विचारलं, "डॉक्टर, आता सवय झाली. अलार्म काढू का? नातवंडं चिडवतात." मला वाटलं, माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतोय. मी म्हणालो, "बघा काढून."

ही माझी दुसरी चूक. तीन आठवड्यांनी ते नेहमीच्या तपासणीला आले. वहीत पानंच्या पानं कोरी होती. डबी भरणं मागे पडलं होतं, गोळ्या पुन्हा पाकिटातून चालल्या होत्या. मी पाकिटं मोजली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या नऊ मात्रा जास्त उरल्या होत्या. नऊ वेळा त्या हृदयाला संरक्षण नव्हतं आणि आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. काही झालं नाही, हे नशीब. ते नशीब उपचार म्हणून मोजायचं नसतं.

त्या रात्री मी याबद्दल शोधून वाचलं. ते तुम्हालाही सांगण्यासारखं आहे.

स्मार्टफोन यायच्या आधी पेजर होते, आठवत असतील. कॅलिफोर्नियातल्या लॅरी ट्रेडगोल्ड या इंजिनिअरच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली होती. त्या मुलाला कामांची आठवण राहावी म्हणून त्यांनी न्यूरोसायकॉलॉजिस्ट नील हर्ष यांच्याबरोबर पेजरवर आठवणीचे संदेश पाठवणारी 'न्यूरोपेज' ही पद्धत तयार केली. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आठवण, लक्ष किंवा आखणी दुबळी झालेल्या १४३ जणांवर तपासली. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक औषधं घेणं, स्वतःची देखभाल, ठरलेल्या भेटी अशी रोजची कामं पेजर असताना आधीपेक्षा स्पष्टपणे चांगली करू लागले होते.

त्याच गटाने पुढे, २००८ मध्ये, त्या १४३ मधल्या पक्षाघाताच्या ३६ पेशंटचा वेगळा विचार केला. पेजरचा फायदा त्यांनाही झाला होता. पण सात आठवड्यांनी पेजर परत घेतल्यावर अपघाताने मेंदूला इजा झालेल्यांची सुधारणा बऱ्याच अंशी टिकून राहिली आणि पक्षाघाताचे पेशंट जवळजवळ मूळ जागी परत आले. कामाची आखणी करून ते तडीस नेण्याची मेंदूची ताकद या गटात जास्त दुबळी होती, हे त्यामागचं एक कारण असावं असं संशोधकांनी मांडलं.

हे वाचून मला माझी चूक कळली. मी रिमाइंडरला प्लास्टरसारखं समजत होतो. हाड जुळलं की काढायचं. पक्षाघातानंतर बहुतेकांसाठी तो चष्म्यासारखा असतो. चष्मा लावून नीट दिसतं म्हणून नंबर गेला असं कोणी म्हणत नाही. सगळं सुरळीत चाललं आहे ते रिमाइंडरमुळेच चाललं आहे. तेव्हा बरं वाटतंय हे रिमाइंडर काढायचं कारण नाही, चालू ठेवायचं कारण आहे.

आणि चष्म्याची जशी आपल्याला लाज वाटत नाही, तशी याचीही वाटू नये. मी छप्पन्न वर्षांचा आहे, माझ्या फोनमध्ये रोजचे चार अलार्म आहेत. साहेबांना मी ते उघडून दाखवले.

मेसेज पाठवला म्हणजे पोहोचला का?

बरीच मुलं पुण्या-बंगळुरूहून, परदेशातून आईवडिलांना रोज व्हॉट्सॲपवर "गोळी घ्या" असा मेसेज करतात. भावना चांगली आहे, पण त्यावर विसंबू नका. याबद्दल आपल्या देशातलाच एक मोठा अभ्यास आहे, 'स्प्रिंट इंडिया'. देशभरातली ३१ केंद्रं, पक्षाघाताचे ४२९८ पेशंट. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर मोबाईलवर एसएमएस, १२ भाषांमधले व्हिडिओ आणि एक पुस्तिका दिली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. औषधं नियमित घेण्याचं प्रमाण मेसेजच्या गटात ९३.६ टक्के, दुसऱ्या गटात ८९.८ टक्के. दारू-तंबाखू सोडणारेही थोडे जास्त. पण वर्षभरात पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यात फरक पडला नाही. 

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की पाठवलेला मेसेज ही नुसती अनाउन्समेंट आहे. गाडी हलली का, ते घरात कोणीतरी बघायला हवं. लांब राहणाऱ्या मुलांनी रोज मेसेज करण्यापेक्षा रविवारी व्हिडिओ कॉल करून रिकामी डबी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगावं आणि समोरच ती भरून घ्यावी. दहा मिनिटं लागतात. उरलेला आठवडा आईवडिलांशी गोळ्यांशिवाय दुसऱ्या कशावर तरी बोलता येतं.

फक्त रिमाइंडरवर कधी विसंबू नये

रिमाइंडर आठवण देतो, समज देत नाही. अलार्म का वाजतो हेच पेशंटला कळत नसेल, आपल्याला काही त्रास आहे हे ते मानतच नसतील, किंवा गोळ्या हातात घेऊन गोंधळत असतील, तर औषध घरच्या माणसानेच द्यायला हवं.

पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला नैराश्य येतं. असा माणूस अलार्म ऐकतो, गोळी आठवते, पण उठावंसं वाटत नाही. बाहेरून ते विसरण्यासारखंच दिसतं. झोप उडणं, रडू येणं, कशातच रस नसणं असं असेल तर सांगा, त्यावर उपचार आहेत. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग, झोपेच्या गोळ्या यांनीही आठवण ढासळते आणि यातल्या बहुतेक गोष्टी सुधारता येतात. तेव्हा "पॅरालिसिसनंतर असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका, एकदा तपासून घ्या.

आणि अचानक चेहरा वाकडा होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, अचानक गोंधळ उडणं यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. पेशंट शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला, ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

शेवटी

कंट्रोलर साहेब मागच्या महिन्यात येऊन गेले. दोन्ही अलार्म चालू आहेत. "हे आता कायमचं टाइमटेबल," ते म्हणाले. वही माझ्यासमोर ठेवली. एका दिवशी 'नियोजित वेळ' ८.०० आणि 'प्रत्यक्ष वेळ'च्या रकान्यात लिहिलं होतं, 'पाहुणे आले, ४० मिनिटं लेट.' वहिनी हसल्या. म्हणाल्या, "आता मी विचारत नाही. वही बघते."

तुमच्या घरात पक्षाघातातून उठलेलं कोणी असेल तर आज संध्याकाळी एक काम करा. त्यांच्या फोनमधले अलार्म त्यांच्याबरोबर बसून बघा. किती आहेत, कशाचे आहेत, वाजले की पुढे काय होतं, हे त्यांनाच विचारा. "काही नाही, रोज वाजतो" असं उत्तर आलं तर वरची यादी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. आणि सगळं छान चाललंय असं दिसलं, तर कशालाही हात लावू नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांच्या मात्रेत किंवा वेळेत बदल आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.)